नळाच्या दुकानातला लाइटसेबर : पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

लाइटसेबर, म्हणजे स्टार वॉर्स सिनेमांतली उजेडाच्या पात्याची तलवार, बनवायचाय म्हटलं की बहुतेक जण आधी ऑनलाइन तयार मुठींचे भाव बघतात आणि विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा घराजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे जा, जिथे नळ, पाइप, वॉशर मिळतात तिथे. आणि याला जुगाड म्हणून नाकं मुरडू नका, मूळ सिनेमातच हे असं झालेलं आहे. १९७७ च्या स्टार वॉर्समध्ये नायक ल्यूकच्या हातातली मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं हँडल, सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनला ते लंडनमधल्या एका फोटोच्या दुकानात सापडलं, आणि त्याच्या म्हाताऱ्या गुरूच्या, ओबी-वानच्या मुठीत तर पहिल्या महायुद्धातल्या रायफल ग्रेनेडचा तुकडा, जेट इंजिनमधला एक पाइप आणि खाली टोकाला चक्क आर्मिटेज शँक्स या बाथरूमचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या नळाची चावी. म्हणजे बाथरूमचं सामान त्यात पहिल्यापासून आहे. पातं मात्र त्यांचं नुसतीच दांडी होती, वर चमकणारं मटेरियल गुंडाळलेलं, आणि रंगाचा उजेड नंतर फिल्मवर चढवला. आपलं पातं खरंच पेटणार आहे, म्हणजे त्या बाबतीत आपण पुढे.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी डोक्यात फिट करा, बाकी सगळं जमून जातं. एक, आधी पात्याची नळी विकत घ्यायची आणि ती हातात घेऊन पाइप घ्यायला जायचं, उलटं नाही. दोन, पीव्हीसीचं सोल्युशन, म्हणजे पाइप कायमचे चिकटवायचं रसायन, पूर्ण तलवारीत एकाच ठिकाणी लावायचं, बाकी सगळं स्क्रू, चुडी (आटे) आणि टेपवर, कारण ही वस्तू तुम्हाला वारंवार उघडावी लागणार आहे, सेल बदलायला, सुटलेली वायर जोडायला, रंग आवडला नाही तर पट्टी बदलायला. सोल्युशन लावलेला जॉइंट परत सुटत नाही, कापावाच लागतो.

पात्याची नळी

पॉलीकार्बोनेटची २५ एमएम बाहेरच्या मापाची, २ एमएम जाडीची नळी मागा. नेमप्लेट आणि दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे किंवा अॅक्रिलिक शीटवाल्यांकडे मिळते, नाहीतर ऑनलाइन. दुकानदार हमखास अॅक्रिलिकची दाखवेल, ती स्वस्त असते आणि दिसायला जास्त काचेसारखी, पण जोरात आपटली तर तडकते आणि तिचे धारदार तुकडे होतात. पॉलीकार्बोनेट वाकतं, ओरखडे पडतात, पण सहसा फुटत नाही. नुसती कपाटावर मांडून ठेवायची असेल तर अॅक्रिलिक चालेल, पोरांच्या हातात जाणार असेल तर अजिबात नको.

आणि एक गोष्ट जरा ओरडूनच सांगतो: जुनी ट्यूबलाइट पातं म्हणून वापरायची नाही. जाडी तेवढीच दिसते, लांबी छान, फुकटात मिळते, त्यामुळे ही आयडिया प्रत्येकाला सुचते. ती काच आहे आणि आत पारा आहे. विषय कट.

नळी ९० सेंटिमीटर कापा. त्यातली ८ मुठीत जाणार, ८२ बाहेर दिसणार. कापायला साधं हॅक्सॉ ब्लेड पुरतं. सरळ कट हवा असेल तर एक कागद नळीभोवती घट्ट गुंडाळा, कडा एकमेकांवर बरोबर बसल्या पाहिजेत, ती कड म्हणजे तुमची रेष. ब्लेड एका जागी दाबून आरपार कापू नका, थोडं कापा, नळी फिरवा, थोडं कापा, म्हणजे शेवटी तुकडा मोडून कोपरा उडत नाही. हीच ट्रिक पाइपलाही.

नळी पारदर्शक असली की आतले एलईडी ठिपक्या ठिपक्यांनी दिसतात आणि तलवारीऐवजी लग्नाच्या मांडवातली माळ वाटते. उपाय दोन, दोन्ही करा. बाहेरून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओला करून नळी गोल गोल घासा, दुधी होईपर्यंत. आणि आत ट्रेसिंग पेपरची सुरळी सरकवा, स्टेशनरीच्या दुकानातला मोठा शीट, दोन वेढे बसतील एवढा. तीन-चार वेढे दिले की उजेड मरतो, दोनच बरे.

पाइप आणि फिटिंग

आता नळी घेऊन हार्डवेअरमध्ये जा. तिथे तीन रंगांचे पाइप दिसतील. क्रीम कलरचा सीपीव्हीसी, गरम पाण्याचा. राखाडी जाडा, ड्रेनेजचा. आणि पांढरा यूपीव्हीसी, आपल्याला हा हवा. त्यातही ‘शेड्यूल ४०’ (हा पाइपच्या भिंतीच्या जाडीचा नंबर) असं सांगून मागा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्या आतल्या मापावर आहे. सव्वा इंची शेड्यूल ४० पाइप बाहेरून ४२ एमएम आणि आतून साधारण ३५ एमएम असतो. एक इंची बाहेरून ३३.४ आणि आतून साडेसव्वीस. म्हणजे एक इंची पाइप सव्वा इंचीच्या आत सरकतो, आणि आपली २५ एमएमची नळी त्या एक इंचीच्या आत सरकते, दोन्हीकडे टेपच्या पाच-सहा वेढ्यांची जागा सोडून. हे असं एकात एक बसणं योगायोगाने जुळतं आणि त्यामुळे रिड्युसर, बुश असले माप जुळवणारे तुकडे काहीच लागत नाहीत. शेड्यूल ८० घेतला तर भिंत जाड असते आणि आतला पाइप जातच नाही, तेव्हा दुकानातच काउंटरवर एकात एक घालून बघा. दुकानदार विचारेल नक्की कसली लाइन करताय, सांगून टाका खरं, एकदा त्याला मजा वाटली की तो स्वतःच माळ्यावरून अजब अजब फिटिंग काढून देतो.

घ्यायचं काय ते बघा. सव्वा इंची पाइप अर्धा मीटर (लागणार ३८ सेंटिमीटर), एक इंची पाइप वीतभर, सव्वा इंची एफटीए एक, म्हणजे एका बाजूला पाइप बसतो आणि दुसऱ्या बाजूला आतून चुडी असते तो, आणि त्यात बसणारा चुडीचा प्लग. टेफलॉन टेप. सोल्युशनची सगळ्यात छोटी ट्यूब. काळी इन्सुलेशन टेप दोन.

मग सजावटीचं. इथे घाई करू नका, हाच खरा मजेचा भाग आहे. स्टीलची गोल वॉल फ्लँज, म्हणजे शॉवरचा पाइप भिंतीतून निघतो तिथे जी चकचकीत चकती असते ती, वेगवेगळ्या मापात हातात घेऊन बघा. जुन्या पद्धतीच्या नळाची चावी, चार पाकळ्यांची, सुटी मिळते. मोठे ओ-रिंग आणि रबरी वॉशर. होज क्लिप, म्हणजे गॅसच्या किंवा बागेच्या नळीला स्क्रूने आवळतात ती पट्टी. बेसिनच्या वेस्ट कपलिंगचा वरचा जाळीवाला भाग. सगळं एकदम मुठीवर चढवलं तर ती भंगारच्या दुकानासारखी दिसते म्हणून मी म्हणेन तीनच वस्तू निवडा: वरच्या तोंडाला एक, बटणाजवळ एक, खालच्या टोकाला नळाची चावी. ओबी-वानला मान म्हणून ती चावी तरी ठेवाच.

लाइट आणि सेल

हे सामान हार्डवेअरमध्ये नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, बाकी गावात एलईडीच्या माळा आणि सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्याकडे बहुतेक सगळं मिळतं.

एलईडी पट्टी १२ व्होल्टची, एकाच रंगाची, मीटरला ६० एलईडीवाली, वरून सिलिकॉन नसलेली. सिलिकॉनवाली पावसासाठी असते, ती खरवडत बसावी लागते. रोलवर मीटरला किती वॅट ते वाचा. ४.८ वॅटवाली आपल्याला बरोबर. १४.४ वॅटची जास्त झगझगीत पण बंद नळीत तापते आणि सेल पटकन खाते. या पट्टीला दर तीन एलईडीनंतर तांब्याचे ठिपके आणि कात्रीची खूण असते, फक्त तिथेच कापायचं, मध्ये कापलं तर त्या गटातले एलईडी मेले. तीन एलईडी म्हणजे ५ सेंटिमीटर, त्यामुळे ८० सेंटिमीटरचा तुकडा बरोबर खुणेवर येतो. असे दोन तुकडे.

रंग तुमचा. १९७७ ला पडद्यावर निळा आणि लाल, हिरवा आला १९८३ च्या सिनेमात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा निळा करा, घरी बनवलेल्या पात्यात निळा सगळ्यात भरीव दिसतो, आणि पांढऱ्या पट्टीवर रंगीत जिलेटिन लावायच्या फंदात पडू नका, उजेड निम्मा होतो.

करंट किती लागेल याचा हिशोब करून बघू, अवघड नाही. दोन तुकडे मिळून १.६ मीटर, गुणिले ४.८ म्हणजे पावणेआठ वॅटच्या जवळपास, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.६४ अँपिअर. आपण १८६५० नंबरचे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाला पुढे एक जोडून, लावणार. एकेक ३.७ व्होल्टचा, तीन मिळून ११.१, पूर्ण चार्ज असताना १२.६. सेल २००० एमएएचचा (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) असेल तर साधारण तीन तास उजेड मिळतो, स्नेहसंमेलनाचा अख्खा कार्यक्रम आरामात निघतो.

सेल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. ९९०० एमएएच वगैरे छापलेले सेल बाजारात ढिगाने आहेत, ते आकडे खोटे असतात, चांगल्या कंपनीचा १८६५० सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास येऊन थांबतो. प्रोटेक्शन सर्किटवाले मागा, ते दोन-तीन एमएम लांब असतात, म्हणून होल्डर पण तिथेच सेल घालून तपासा. एकेका सेलचे सुटे प्लास्टिक होल्डर तीन घ्या, दोन अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा वायरवाला होल्डर घ्या, आणि सेल बाहेर काढून चार्ज करायचा १८६५० चा चार्जर घ्या. थेट १२ व्होल्टच्या अडॅप्टरने चार्ज करायची आयडिया कुणी दिली तर हात जोडा. लिथियम सेल चुकीच्या पद्धतीने चार्ज केला तर आग लागू शकते, यात अतिशयोक्ती नाही. आणि रिमोटमधला तो छोटा १२ व्होल्टचा सेल कुणी दिला तर परत करा, व्होल्ट बरोबर असले तरी त्यात दम नसतो, पट्टी क्षणभर पेटते आणि मलूल होते.

बाकी: दाबलं की लागणारं आणि परत दाबलं की बंद होणारं १२ एमएमचं पुश बटण, सीसीटीव्हीच्या डीसी पिनची नर-मादी जोडी (ज्यात वायर स्क्रूने आवळतात ती), लाल-काळी बारीक फ्लेक्झिबल वायर दोन मीटर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की जॉइंटवर आवळून बसते ती बारीक नळी).

अगदी लहान मुलांसाठी करत असाल तर हे सगळं सोडा आणि टीव्हीच्या मागे लावतात ती ५ व्होल्टची यूएसबी पट्टी आणि एक बारीक गोल पॉवर बँक घ्या. उजेड कमी, पण सुट्या लिथियम सेलचं टेन्शन नाही. पुढचं वर्णन मोठ्या तलवारीचं आहे.

पात्याची दांडी

पट्टी नळीत नुसती सोडली तर ती वाकडीतिकडी लोळते, तिला कणा लागतो. आकाशकंदिलाला वापरतो तशी बांबूची कामटी घ्या, बोटभरापेक्षा कमी रुंद, एक सेंटिमीटर पुरे, ८५ लांब. कुसळं पॉलिश पेपरने घालवा. कामटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी चिकटवा, मागचा डबलटेप असतोच, पण तो उन्हाळ्यात सुटतो म्हणून दर वीतभर अंतरावर पारदर्शक सेलोटेपचा एक वेढा द्या. अॅल्युमिनियमची पट्टी पण चालते आणि उष्णता चांगली ओढते, पण वीज पण ओढते, टोकाला सोल्डरिंगचा डाग जरा पसरला की शॉर्ट, त्यामुळे नवख्यांनी बांबूच घ्यावा.

खालच्या टोकाला दोन्ही पट्ट्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र, म्हणजे पॅरलल. पट्टीवर प्लस आणि मायनस छापलेलं असतं. सोल्डरिंग करताना आधी ठिपक्यावर थोडं टिन, मग वायरच्या टोकावर थोडं टिन, मग दोन्ही एकमेकांना लावून गन दोन-तीन सेकंद टेकवायची. जास्त वेळ धरली की तांब्याचा ठिपका पट्टीवरून उखडतो, मग पुढच्या खुणेपर्यंत कापा आणि परत सुरू. डागावर हीट श्रिंक किंवा टेप. वायर दहा-बारा सेंटिमीटर बाहेर ठेवून तिला डीसी पिनची मादी लावा.

नळीत घालण्याआधी पंधरा मिनिटं पेटवून ठेवा आणि हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पट्टी जास्त वॅटची आहे, एकाच बाजूला लावा.

मग ट्रेसिंग पेपरची सुरळी कामटीवर गुंडाळून दोन्ही एकदमच नळीत सरकवा, आधी पेपर मग कामटी असं केलं तर पेपर चुरगळतो. टोकाला खुर्चीच्या पायाला लावतात ते पांढरं रबरी बूट, एक इंची पाइपच्या खुर्चीचं (खुर्चीचा एक इंच बाहेरून मोजतात, म्हणून ते आपल्या २५ एमएमच्या नळीला बसतं). बाहेरून बसणारं घ्या, ते पेटल्यावर टोक गोल आणि उजळ दिसतं. बुटाच्या आत चमकीचा कागद घालू नका, मग टोक काळं पडतं.

फेव्हिक्विक नळीजवळ आणायचं नाही, वाफेने प्लास्टिकवर पांढरा धुरकट थर बसतो. आणि पीव्हीसीचं सोल्युशन किंवा थिनर तर पॉलीकार्बोनेटला लागूच देऊ नका, बारीक तडे जातात, लगेच नाही गेले तरी नंतर.

मूठ

सव्वा इंची पाइप ३८ सेंटिमीटर कापा: खालचे २४ सेलसाठी, मधले ६ बटण आणि वायरसाठी, वरचे ८ पात्यासाठी. मूठ लांब वाटेल पण दोन हातांनी धरायची आहे. कडा पॉलिश पेपरने मारा. खालच्या टोकाला एफटीए सोल्युशनने चिकटवा, हाच तो एकमेव जॉइंट. त्याआधी सेलचा होल्डर एफटीएच्या आतून जातो की नाही ते बघा, काही कंपन्यांच्या फिटिंगमध्ये आत खांदा असतो. जात नसेल तर तो खांदा कानशीने घासून मोठा करा, चिकटवल्यावर हे काम फार वैताग देतं.

बटणाचं भोक वरच्या तोंडापासून ११ सेंटिमीटरवर. आधी ३ एमएमचं बिट, मग मोठं, शेवटी गोल कानशीने १२ पर्यंत. गॅसवर खिळा लाल करून भोक पाडायची आपल्याकडची जुनी सवय इथे नको, पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, घशाला आणि डोळ्यांना लागतो. पाइप गोल असतो आणि बटणाची कॉलर सपाट, म्हणून भोकाभोवती चपट्या कानशीने थोडं सपाट करून घ्या, नाहीतर बटण कायम डुगडुगतं.

बटण बसवायची पण एक पद्धत आहे. आधी बटणाला दोन वायर डागून घ्या. मग त्या वायर बाहेरून भोकात घाला, आतून वरच्या तोंडातून बाहेर ओढा, आणि बटणाचा नट त्या वायरवरून मण्यासारखा ओवून आत सरकवत न्या. लांब नाकाच्या पक्कडीने नट आत धरून ठेवायचा आणि बाहेरून बटण फिरवायचं. पाइपात बोट घालून नट फिरवायला गेलात तर अर्धा तास जातो आणि नट तीनदा खाली पडतो.

सेलसाठी अजून एक कामटी, २३ सेंटिमीटर, तिच्यावर तिन्ही होल्डर एकामागे एक, झिप टायने बांधून. पहिल्याची लाल वायर दुसऱ्याच्या काळीला, दुसऱ्याची लाल तिसऱ्याच्या काळीला. उरलेली लाल आधी फ्यूजला, फ्यूजमधून बटणाला, बटणातून डीसी पिनच्या प्लसला. उरलेली काळी थेट पिनच्या मायनसला. ही जोडणी सेल न घालता करायची, शेवटी सेल. मल्टिमीटर असेल तर पिनवर साडेबाराच्या आतबाहेर आकडा दिसतो का ते बघा, आणि प्लसच्या जागी प्लस आहे ना तेही. उलटं लागलं तर पट्टी जळत नाही शक्यतो, फक्त पेटत नाही.

कामटीपासून बटणापर्यंतची वायर तीस सेंटिमीटर जास्तीची ठेवा आणि होल्डरच्या बाजूच्या मोकळ्या जागेत दुमडून सोडा. मग खालचा प्लग काढला की सेलची कामटी ड्रॉवरसारखी पूर्ण बाहेर येते. प्लगला टेफलॉन टेपचे दोन वेढे पुरे, पाणी थोडीच अडवायचंय, फक्त हातात फिरू नये म्हणून. प्लगच्या आतल्या बाजूला फोमचा तुकडा चिकटवा, सेल खडखडत नाहीत.

पातं बसवणं

एक इंची पाइपचा ८ सेंटिमीटरचा तुकडा कापा, बाहेरून टेपचे वेढे देऊन सव्वा इंचीच्या तोंडात घट्ट बसवा. पात्याच्या खालच्या ८ सेंटिमीटरवर पण टेपचे पाच-सहा वेढे, ते या तुकड्यात. हाताने जोर लावून आत जाईल आणि सहज हलणार नाही एवढं जमलं पाहिजे. पण नुसत्या टेपवर भरवसा नाही. जोरात फिरवली की पातं सुटून समोरच्याच्या तोंडावर जाऊ शकतं, म्हणून इथे एक बोल्ट हवाच.

तोंडापासून ४ सेंटिमीटरवर बाजूने ३.३ एमएमचं भोक, दोन्ही पाइप आणि नळी एकदम, पण फक्त एका बाजूने. ड्रिल करताना कामटी आणि वायर बाहेर काढलेली असू द्या. त्यात एम-४ चा १० एमएम लांब बोल्ट फिरवत घाला, प्लास्टिकमध्ये तो स्वतःच चुडी पाडतो. १० च का? सव्वा इंचीची भिंत साडेतीन, एक इंचीची जवळजवळ साडेतीन, मधल्या टेपचे मिळून दीडेक, म्हणजे साडेआठपर्यंत आपण नळीच्या भिंतीशी पोचतो आणि ती २ एमएम. १० चा बोल्ट त्या भिंतीतच थांबतो. १५ चा घातलात तर तो आत शिरून वायरीत घुसतो. बोल्ट काढला की पातं सुटं, डीसी पिन ओढली की वेगळं. बोल्टच्या डोक्यावर होज क्लिप आवळली की तो दिसत पण नाही.

रंग आणि पकड

पाइपवरचं छापील लिखाण थिनरने पुसा (पातं लांब ठेवून), पूर्ण मूठ २२० च्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, प्रायमर, मग स्प्रे. पीव्हीसीला न घासता मारलेला रंग नखाने निघतो. क्रोम स्प्रे डब्याच्या झाकणावर जसा दिसतो तसा हातावर राहत नाही, बोटांचे डाग पडून आठवड्यात राखाडी होतो, त्यापेक्षा मॅट काळा किंवा गनमेटल मारा आणि चकाकी खऱ्या स्टीलच्या फ्लँजला करू द्या. काळ्या रंगावर कोरड्या ब्रशने अगदी थोडा चंदेरी ओढला, कडांवरच, की प्लास्टिक आहे हे दोन हातावरून ओळखू येत नाही.

पकडीसाठी सायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाला फुकट देतो. तिचे दोन-दोन सेंटिमीटरचे गोल तुकडे कापून मुठीवर ओढून चढवा, मध्ये थोडी थोडी फट ठेवून. थोडी टाल्कम पावडर लावली की सरकतात. बॅटची ग्रिप पण चालते, पण ४२ एमएमवर चढवताना दोन माणसं लागतात.

नळाची चावी खालच्या प्लगला मधोमध एका स्क्रूने, आत वॉशर देऊन. स्क्रूचं टोक आत सेलपर्यंत जाणार नाही एवढं आखूड घ्या.

पेटली नाही तर

आधी सेल एकेक काढून दिशा बघा, एक जरी उलटा असेल तर काहीच पेटत नाही. मग फ्यूज. मग डीसी पिनचे स्क्रू, त्यात वायरचे धागे नीट दाबले गेले नसतात बरेचदा. अर्धंच पातं पेटत असेल तर एका पट्टीचा डाग सुटलाय, किंवा खुणेच्या मध्येच कापलेली आहे. फिरवताना लुकलुकत असेल तर होल्डरची स्प्रिंग सैल आहे, पक्कडीने थोडी बाहेर ओढा आणि सेलवरून एक झिप टाय आवळा. सगळंच पातं मंद पेटत असेल तर सेल उतरलेत, चार्ज करा, पूर्ण रिकामे होईपर्यंत वापरत बसू नका, लिथियमला ते मानवत नाही.

लढाईचं म्हणाल तर पवित्रे घ्या, फोटो काढा, हलके ठोके चालतील. पूर्ण ताकदीने खणाखणी केलीत तर नळी टिकेल पण आतले डाग नाही. खरंच मारामारी करायची असेल तर दुसरं पातं बनवा, आत पट्टी नसलेलं, नुसती नळी, आणि ते बोल्टवर बदलत जा.

कॉमिक कॉनला (कॉमिक्स-सिनेमावेड्यांच्या मेळाव्याला) किंवा शाळेत नेताना पातं वेगळं काढून न्या, मूठ बॅगेत, सेल तिसरीकडे डबीत. रेल्वे-मेट्रोच्या स्कॅनरमध्ये वायर आणि सेल भरलेला पाइप कसा दिसतो ते तुम्हीच विचार करा, तिथे उभं राहून प्लग उघडून दाखवायची तयारी ठेवा, चावी हाताने फिरवून उघडते म्हणून बरं.